जतनाची विद्या कोणाच्या मालकीची?

जुन्या वास्तूंच्या जतनाचे शास्त्र शिकण्याची संधी कोणाला मिळावी, हा प्रश्न श्रमिकांच्या साप्ताहिकात विचारण्याजोगा आहे काय, अशी शंका काही साथींच्या मनात येण्याचा संभव आहे. तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांची पिळवणूक चालू आहे, आदिवासी पाड्यांवरचे कुपोषण हटलेले नाही, वाढवणच्या बंदरामुळे आपल्या पोटावर पाय येणार ह्या धास्तीत किनाऱ्यावरचा मच्छीमार दिवस काढतो आहे. अशा वेळी पडक्या कोटांची आणि पदव्युत्तर शिक्षणाची चर्चा करणे म्हणजे सुखवस्तूंचा छंद पुरवणे होय, अशी टीका होईल. ती टीका मी गंभीरपणे घेतो. तिला उत्तर म्हणूनच हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे असे की, हा विषय सुखवस्तूंचा छंद होऊन बसला आहे तो त्याच्या अंगच्या स्वभावामुळे नव्हे. तो शिकवण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली, तिने तो तसा करून ठेवला आहे. ही रीत बदलता येते, आणि ती बदलण्याची मागणी श्रमिकांच्या पक्षाने केली नाही तर दुसरे कोणी करणार नाही.

केळव्याचे दोन कोट

उदाहरण केळव्याचे घेऊ. पश्चिम रेल्वेवर सफाळे आणि पालघर ह्यांच्या दरम्यान केळवे रोड हे स्थानक लागते. तेथून काही किलोमीटरांवर गाव आणि समुद्र. मुंबईच्या पाहुण्याला केळवे ठाऊक असते ते सुरूच्या बनासाठी आणि शीतलादेवीच्या देवळासाठी. व्यापाऱ्याला ठाऊक असते ते पानवेलींच्या आणि केळींच्या वाड्यांसाठी. ह्याच सुरूच्या बनात एक छोटा भुईकोट आहे, आणि दांड्याच्या खाडीच्या मुखाशी, ओहोटीला पायी जाता येईल अशा जागी, एक पाणकोट उभा आहे. उत्तरेकडे माहीम, शिरगाव, तारापूर अशी कोटांची साखळी पुढे जाते. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे ह्या साऱ्या पट्टीवर त्यांचा अंमल बसला. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी मराठ्यांनी एकामागून एक घेतली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव कामी आले. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’ने ह्या प्रदेशाचा त्याहूनही जुना इतिहास अभ्यासकांपुढे ठेवला.

हे कोट बांधण्याचा हुकूम पोर्तुगीज कप्तानांचा असेल. हात मात्र इथल्याच माणसांचे होते. दगड फोडणारा पाथरवट, भट्टीत चुना भाजणारा मजूर, खाडीतून दगड वाहून आणणारा होडीवाला ह्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांनी मागे ठेवलेला एकमेव दस्तऐवज म्हणजे ती भिंत. ज्या वर्गाला आपले चरित्र लिहिता आले नाही, त्याचे चरित्र त्याने केलेल्या कामातच वाचावे लागते. म्हणून पडक्या कोटाची भिंत हा केवळ राजेरजवाड्यांचा वारसा आहे असे समजून श्रमिकांनी तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे आपल्याच पूर्वजांची एकुलती एक सही पुसू देणे होय.

ह्या वास्तूंना आज कशाने धोका आहे? समुद्राच्या लाटा, खारा वारा आणि झाडांची मुळे ह्यांनी तो आहेच. परंतु त्याहून मोठा धोका सद्भावनेने केलेल्या अज्ञानी दुरुस्तीचा आहे. तीन साधी उदाहरणे देतो.

पहिले सिमेंटचे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजायचे, निघालेली कळी पाण्यात विरवायची, ती मुरू द्यायची आणि मग वाळू-सुरखीबरोबर घाणीत मळायची, अशी ती पद्धत. चुन्याचा सांधा मऊ असतो. भिंतीतली ओल तो बाहेर सोडतो आणि झिजायची वेळ आली तर दगडाच्या आधी स्वतः झिजतो. सिमेंटचा सांधा कठीण असतो. तो ओल आत कोंडून धरतो. समुद्रकाठच्या हवेतले क्षार त्या ओलीबरोबर दगडात शिरतात, पाणी सुकताना त्यांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सांधा शाबूत आणि दगड मात्र खाल्लेला, असे दृश्य किनाऱ्यावरच्या अनेक जुन्या बांधकामांत दिसते. दुरुस्ती करणाऱ्याने भिंत बळकट केली असे सर्वांना वाटत असते. प्रत्यक्षात तिचे आयुष्य कमी झालेले असते.

दुसरे उदाहरण झाडाचे. भिंतीत रुजलेला वड किंवा पिंपळ उपटून काढला तर मुळांबरोबर भिंतीचे दगडही निघून येतात. तो टप्प्याटप्प्याने छाटावा लागतो, मूळ जागच्या जागी मारावे लागते आणि पोकळी चुन्याने भरावी लागते.

तिसरे उदाहरण खुद्द केळव्याचे आहे, आणि ते मी आदरपूर्वक देत आहे. भुईकोट वाळूत गाडला गेला होता. दुर्गप्रेमी तरुणांनी आणि ग्रामस्थांनी श्रमदानाने ती वाळू उपसली. हे श्रमदान कौतुकास पात्र आहे. परंतु शतकभर वाळूखाली राहिलेली भिंत मोकळी झाली की ऊन, पाऊस आणि खारा वारा ह्यांचा तिच्यावरचा खेळ नव्याने सुरू होतो. किती उपसावे, कोठे थांबावे, उघड्या झालेल्या भिंतीच्या माथ्यावर काय करावे, पावसाचे पाणी कोठून काढून द्यावे, हे सांगणारा जाणकार गावात असावा लागतो. तो मुंबईहून वर्षातून एकदा येऊन भागत नाही. तरुणांनी फावडे उचलले. त्यांच्या हाती विद्या देण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी मात्र काहीच उचलले नाही.

शिकायचे कोणी, आणि कोठे?

आता असे पाहू की, केळव्यासारख्या गावात जुन्या वास्तूचे भवितव्य प्रत्यक्षात कोण ठरवतो? ग्रामपंचायतीचा अधिकारी, बांधकाम खात्याचा शाखा अभियंता, देवस्थानाचा विश्वस्त, शाळेतला इतिहासाचा शिक्षक, गावचा गवंडी आणि घरावरची जुनी कौले उतरवून स्लॅब टाकायचा की नाही ह्या विचारात पडलेला घरमालक. ह्यांपैकी एकालाही हा विषय कोणी शिकवलेला नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाचा सारा भर सिमेंट आणि लोखंडावर. अंदाजपत्रक दरसूचीवरून बनते, काम कमीत कमी दराच्या निविदेला जाते, आणि चुन्याचे काम जाणणारा कारागीर त्या स्पर्धेत उभाच राहू शकत नाही. दोष अभियंत्याचा नाही. त्याला जे शिकवले, तेच तो करतो.

हे शिकवणाऱ्या संस्था देशात नाहीत असे नाही. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात वास्तुजतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९८७ साली सुरू झाला. त्यानंतर इतर मोठ्या शहरांतही असे अभ्यासक्रम निघाले. त्यांतून चांगले जाणकार तयार झाले, ह्यात वाद नाही. परंतु प्रवेशाची दारे पाहा. वास्तुकलेची पाच वर्षांची पदवी आधी हवी; मग दोन वर्षे पूर्णवेळ शिक्षण, तेही महानगरात राहून. म्हणजे केळव्याचा शिक्षक बाद, पालघरचा अभियंता बाद, बोईसरच्या कारखान्यात नोकरी करून इतिहासाची आवड जपणारा पदवीधर बाद.

अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला येथे एक साधे गणित मांडल्याखेरीज राहवत नाही. शिक्षणाची किंमत म्हणजे केवळ फी नव्हे. शिकण्यासाठी जी कमाई सोडावी लागते, ती खरी किंमत. समजा, एखादा कर्मचारी महिन्याला २५ हजार रुपये मिळवतो. दोन वर्षे नोकरी सोडली तर फीचा एक पैसा न धरता त्याचे ६ लाख रुपये गेले. शहरातल्या खोलीचे भाडे आणि खानावळ त्यावर वेगळी. परत आल्यावर नोकरी शिल्लक असेल ह्याची हमी नाही. ज्याच्या घरी वडिलांची कमाई आहे, त्याच्या लेखी ही गुंतवणूक ठरते. ज्याच्या कमाईवर घर चालते, त्याच्या लेखी ही उपासमार ठरते. तेव्हा ‘पूर्णवेळ’ ही चार अक्षरी दिसणारी शैक्षणिक अट वस्तुतः वर्गीय अट आहे. ती जातीची अटही आहे, हे वेगळे सांगायला नको. कारण ज्यांच्या पूर्वजांनी दगड घडवले आणि चुना मळला, त्यांच्याच नातवंडांना ह्या अटीने दाराबाहेर ठेवले आहे.

जगात काय घडले

जतनाची चळवळ मुळात सुखवस्तूंची, असा समज आपल्या कार्यकर्त्यांत आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था १८७७ साली विल्यम मॉरिसने स्थापली. हा तोच मॉरिस, जो पुढे सोशालिस्ट लीगच्या संस्थापकांत होता. जुनी इमारत नवीकोरी दिसावी म्हणून ती खरवडून काढणे म्हणजे तिच्यावर राबलेल्या कारागिरांचे श्रम पुसून टाकणे, अशी त्याची भूमिका होती. त्याच संस्थेने १९८७ पासून, वास्तुविशारदांसाठी नव्हे तर हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठी, त्याच्या नावाने शिष्यवृत्ती चालवली.

अमेरिकेत न्यूयॉर्कचे पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडले जाऊ लागले. त्या धक्क्यातून १९६५ साली त्या शहराचा वारसारक्षणाचा कायदा झाला, आणि मधल्याच १९६४ साली कोलंबिया विद्यापीठात ह्या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला आरंभ झाला. पुढे १९९० च्या दशकात बाल्टिमोरजवळच्या गाउचर महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळी वाट काढली: वर्षातले थोडे दिवस महाविद्यालयात एकत्र राहून शिकायचे, बाकीचे शिक्षण आपापल्या गावी काम सांभाळून करायचे. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे जमले, ते आपल्या लोककल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याला जमू नये काय? अर्थात तेथेही फी भरण्याची ऐपत लागते. म्हणून आपण घ्यायची ती वेळापत्रकाची रीत, फीची नव्हे.

ह्याहून शिकण्याजोगे उदाहरण इटलीचे आहे. बोलोन्या शहराची सत्ता महायुद्धानंतर कम्युनिस्टांच्या हाती होती. त्या नगरपालिकेने १९६९ साली जुन्या शहराच्या जतनाची योजना केली आणि १९७३ साली सार्वजनिक गृहनिर्माणाचा पैसा जुन्या वस्त्यांतल्या घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. उद्देश असा की, दुरुस्तीनंतर भाडी वाढून गरीब रहिवासी बाहेर फेकला जाऊ नये. घरही राहावे आणि घरातला माणूसही राहावा. योगायोग असा की, त्याच १९७३ साली इटलीच्या धातुकामगारांनी आपल्या करारात शिक्षणासाठी तीन वर्षांत १५० तासांची सवेतन मुभा मिळवली. एकीकडे जतनाचे राजकारण आणि दुसरीकडे कामगाराचा शिकण्याचा हक्क, ह्या दोन्ही गोष्टी एकाच देशाच्या कामगार चळवळीने एकाच वर्षी पुढे नेल्या. पुढच्याच वर्षी, १९७४ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सवेतन शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही, आणि आपल्या कामगार संघटनांच्या मागणीपत्रांतही तो क्वचितच आढळतो.

आपली परंपरा आणि आपली कुचराई

परदेशाकडे बोट दाखवणे हा माझा हेतू नाही. राबणाऱ्या माणसाला त्याच्या सवडीच्या वेळी शिकवण्याची परंपरा महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. जोतिराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेतून कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पुरातत्त्वाचे सुटीच्या दिवशीचे वर्ग चालवले, आणि २०१५ नंतर साष्टी बेटाच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणात त्याच विभागाने पुढाकार घेतला. म्हणजे माणसे आहेत, आवड आहे, नमुना आहे. नाही ती एकच गोष्ट: हे सारे जोडून जिल्ह्याच्या ठिकाणी, सार्वजनिक विद्यापीठाची, नोकरदाराला परवडेल अशी पूर्ण पदव्युत्तर पदवी करण्याची इच्छाशक्ती.

इच्छाशक्ती कोठे खर्च झाली ते पाहा. केंद्र सरकारने २०१७ साली वारसा दत्तक देण्याची योजना काढली आणि २०१८ साली लाल किल्ल्याची देखभाल पाच वर्षांसाठी २५ कोटी रुपयांच्या बोलीवर दालमिया भारत उद्योगसमूहाकडे सोपवली. महाराष्ट्र सरकारने २०१९ साली २५ किल्ले पर्यटनासाठी दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा घाट घातला. लोकांत संताप उसळला, तेव्हा शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा आला. ह्या खुलाशातली मेख ध्यानात घ्यावी. ज्या कोटांचा गाजलेल्या नावांशी संबंध नाही, ते मग बिनमालकीचे समजायचे काय? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आनंदाची गोष्ट आहे. त्यांत पालघर जिल्ह्यातला एकही नाही. यादीतल्या बारांना पाहुणे आणि निधी मिळतील. केळव्याच्या कोटाला पूर्वीप्रमाणेच भरती-ओहोटी मिळेल.

बाजारपेठ जतन करील, ह्या समजुतीला अर्थशास्त्रात आधार नाही. कोटाच्या भिंतीपासून होणारा लाभ साऱ्या समाजाला मिळतो, त्याची तिकिटे फाडता येत नाहीत. म्हणून खाजगी भांडवल तिच्या डागडुजीत पैसा घालत नाही. ते पैसा घालते तो उपाहारगृहात, प्रकाशयोजनेत आणि वाहनतळात. हॉटेलवाला देखावा राखतो, भिंत राखत नाही. भिंत राखायची तर दर पावसाळ्यानंतर कोणीतरी विळा घेऊन तिच्यावर चढले पाहिजे आणि बोटभर रोप असतानाच पिंपळ काढला पाहिजे. त्या तासाभराच्या कामाला खर्च नगण्य. पण त्याच्या उद्घाटनाला मंत्री येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्याला जागा नसते. दहा वर्षांनी बुरूज कोसळतो, मग जीर्णोद्धाराची मोठी निविदा निघते. ठेकेदाराला दुरुस्तीपेक्षा पडझड अधिक फायद्याची, हे आपल्या सार्वजनिक बांधकामाचे अर्थशास्त्र आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप विद्वानांचा: सुटीच्या दिवशी शिकवलेली पदव्युत्तर पदवी हलकी होईल. हा आक्षेप प्रयोगशाळेत शिकायच्या विषयांबाबत एक वेळ समजू शकतो. परंतु जतनाची प्रयोगशाळा म्हणजे प्रत्यक्ष इमारत. जो अभियंता सोमवार ते शनिवार इमारतीच हाताळतो, तो रविवारी वर्गात प्रश्न घेऊन येतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला जे उदाहरण पुस्तकात वाचावे लागते, ते त्याच्या टेबलावर फाइलीच्या रूपाने पडलेले असते. हलकी होते ती पदवी, जिच्यात मोजमाप, नोंद आणि हाताने काम करणे नसते. मग ती पूर्णवेळ असो वा अर्धवेळ.

दुसरा आक्षेप व्यवस्थापकी बुद्धीच्या लोकांचा: आता सारे काही पडद्यावर शिकता येते, श्रेयांकांची बँकही २०२१ पासून झाली आहे, वर्ग कशाला? ह्यावर उत्तर एवढेच की, चुना विरला की नाही हे पडद्यावर कळत नाही. कायदा आणि इतिहास घरबसल्या वाचता येईल. परंतु भिंतीवर हात ठेवून ओल ओळखायची विद्या जाणत्या माणसाजवळ उभे राहूनच येते.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कोट हे सरंजामशाहीचे आणि वसाहतवादाचे अवशेष, श्रमिकांनी त्यांचे काय करायचे? साथींनो, हे अवशेष आपण सोडले म्हणून ते बेवारस राहत नाहीत. त्यांचा ताबा दुसरे घेतात. जेथे इतिहासाचा जाणकार नसतो तेथे इतिहासाचा दलाल उभा राहतो. एका रंगाचे निशाण लावून तो साऱ्या कोटाला एकाच धर्माचा आणि एकाच जातीचा करून टाकतो. खरा कोट तसा नसतो. केळव्याच्या भिंतीत पोर्तुगीजांचा अंमल आहे, मराठ्यांचा विजय आहे आणि किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांचा घाम आहे. संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून संविधानात लिहिलेले आहे. ती संमिश्रता भिंतीच्या थरांत दाखवून देऊ शकेल असा माणूस गावात असणे, हे द्वेषाच्या राजकारणाला दिलेले उत्तर आहे. भाषणांनी जे साधत नाही ते कधीकधी एका दगडाच्या सांध्याकडे बोट दाखवून साधते.

मागणी काय करायची

नुसती टीका करून थांबणे कार्यकर्त्यांच्या उपयोगाचे नाही. म्हणून मागण्या स्पष्ट मांडतो.

पहिली: सार्वजनिक विद्यापीठाने पालघर जिल्ह्यात वास्तुजतनाची तीन वर्षांची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी सुरू करावी. वर्ग शनिवार-रविवारी, वर्षातून एकदा दोन आठवड्यांचे शिबिर, प्रत्यक्ष कोटावर. नवी इमारत नको. महाविद्यालयांच्या खोल्या रविवारी रिकाम्याच असतात. प्रवेश कोणत्याही शाखेच्या पदवीधराला, नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला प्राधान्य. फी सार्वजनिक महाविद्यालयाइतकीच. ‘स्वयंअर्थसहाय्यित’ ह्या गोंडस नावाखाली ती वाढवू देऊ नये.

दुसरी: चुन्याचे आणि दगडाचे काम जाणणारा गवंडी, कौलारू घराचा सुतार ह्यांना ह्या अभ्यासक्रमात पगारी शिक्षक म्हणून घ्यावे, त्यांच्याकडे पदवी नसली तरी. जो शिकवतो त्याला प्रमाणपत्रही द्यावे आणि दरसूचीत त्याच्या कौशल्याचा वेगळा दर लावावा. पदवीधराने कारागिराची विद्या नोंदून घ्यायची आणि कारागिराने पूर्वीप्रमाणे रोजंदारीवर राहायचे, असे झाले तर ती आणखी एक लूट ठरेल.

तिसरी: प्रत्येक विद्यार्थ्याने प्रबंधाऐवजी आपल्या तालुक्यातल्या एका वास्तूची देखभाल-वही करावी. तिच्यात मोजमाप, नकाशे, पडझडीची नोंद, जुन्या मोडी आणि पोर्तुगीज कागदांतले उल्लेख, आसपास राहणाऱ्या लोकांच्या आठवणी आणि पुढील दहा वर्षांच्या डागडुजीचा खर्च असावा. ही वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहावी. वास्तू म्हणजे केवळ कोट नव्हेत. मांगेल्यांची आणि वाडवळांची जुनी घरे, विहिरी, धक्के, बंधारे ह्यांचीही नोंद व्हावी. अणुवीज प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. उठण्यापूर्वी प्रत्येक घराची अशी वही झाली असती, तर जमिनीच्या क्षेत्रफळापलीकडे त्या लोकांनी काय गमावले ह्याचा पुरावा त्यांच्या हाती राहिला असता. सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी ह्याच जिल्ह्यात झाली आहे. अशा वह्यांची गरज किती तातडीची आहे, हे त्यावरून समजावे.

चौथी: सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांना ह्या शिक्षणासाठी सवेतन रजा मिळावी, कंत्राटी कामगारांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई शासनाने करावी. आणि जिल्हा परिषदेत जतनकामाची पदे निर्माण व्हावीत. पदे नाहीत म्हणून अभ्यासक्रम नाही, आणि माणसे नाहीत म्हणून पदे नाहीत, हे चक्र कोठेतरी तोडावे लागेल. ते शासनाच्या टोकाकडून तोडणे हाच न्याय्य मार्ग होय.

ह्यासाठी काम कसे करायचे, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. केळवे, माहीम, शिरगाव आणि तारापूर येथील ग्रामसभांनी ठराव करावेत. शिक्षक संघटनांनी आणि कर्मचारी संघटनांनी शैक्षणिक रजेचे कलम आपल्या मागणीपत्रात घालावे. विद्यापीठाच्या अधिसभेतील पुरोगामी सदस्यांनी हा विषय पटलावर आणावा. आणि ज्या तरुणांनी सुरूच्या बनातली वाळू उपसली, त्यांना आपण होऊन भेटावे. त्यांच्यातले अनेक जण आपल्या विचारांचे नसतील. परंतु त्यांनी सुटीचा दिवस खर्च करून सार्वजनिक मालमत्तेसाठी घाम गाळला आहे, आणि समाजवाद्याला ह्याहून अधिक ओळख लागू नये.

कोट बांधणाऱ्याला अक्षरओळख नाकारून त्याच्याकडून दगड घडवून घेतले गेले. आज त्याच्या वंशजाला पदवी नाकारून त्याच दगडांपासून दूर ठेवले जात आहे. कामाच्या वेळेआड न येणारे, खिशाला परवडणारे आणि घराजवळ मिळणारे शिक्षण ही कोणाच्या मेहेरबानीची बाब नाही. ती मजुरीइतकीच रोखठोक मागणी आहे, आणि तिच्यासाठी मजुरीसारखेच भांडले पाहिजे.